दुधीची दाढी

शेवटी वेलाला दुधी लागला, उस्ताद दुकानात परतले, आणि तेव्हापासून आजतागायत त्यांच्या हातून कोणाच्याही कानाला धक्का लागलेला नाही.

हे वाचलं असेल तर कृपया विसरून जावं. असं काहीही घडलेलं नाही. वेलाला दुधी नाही, उस्ताद घरीच आहेत, आणि बाल्कनीत स्टुलावर बसून टोमॅटोच्या झाडाला विचारतायत, "बाजूनं बारीक करू, की नुसतं कानावरचं काढू?" टोमॅटोचं झाड काही बोलत नाही. उस्ताद बारीक करतात.

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. या माणसाबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, की दोन्ही एकाच अर्जात बसवावं, हे तिचं ठरत नव्हतं.

तिला सगळी गल्ली खिडकीबाई म्हणायची. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे तिची उभी हयात गेली होती. माणसं रिकामी बादली हातात घेऊन तावातावाने यायची आणि ती 'सदर', 'सबब' आणि 'उपरोक्त' एवढ्या तीन शब्दांवर त्यांना शांत करून घरी पाठवायची. पाणी नसायचंच, पण माणसाला कोणीतरी ऐकून घेतल्यासारखं वाटायचं. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, शब्द काही सुटले नाहीत. राग आला किंवा गहिवरून आलं की तिच्या तोंडून अर्जच निघे. लग्नाच्या वाढदिवसाला उस्तादांनी तिला मनगटी घड्याळ आणलं, तेव्हा "सदर वस्तू सुस्थितीत मिळाली" एवढंच बोलून ती डोळे पुसत आत गेली होती.

उस्तादांचं सलून रस्त्याच्या पलीकडे, बाल्कनीतून थेट दिसेल असं. गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. मग एक आजारपण आलं आणि जाताना उजव्या हातात थरथर ठेवून गेलं, पाहुणा छत्री विसरून जातो तशी. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. हात वापरात ठेवा, हळूहळू निवळेल." खिडकीबाईने त्या दिवशी मनोमन सगळ्यांचे आभार मानले. डॉक्टरांचे, औषधवाल्याचे, दवाखान्यातल्या पंख्याचेसुद्धा. माणूस सगळाच्या सगळा परत मिळाला होता. हात तेवढा जरा हलत होता. हलेना का बापडा.

उस्ताद दुकानात गेले, आणि पहिल्याच दाढीला कान कापला.

कान खालच्या मजल्यावरच्या सिग्नलभाऊंचा होता. सिग्नलभाऊ म्हणजे निवृत्त वाहतूक हवालदार; नोकरी संपली तरी बोलताना दोन्ही हात चौकात असल्यासारखे चालायचे. वस्तरा कल्ल्यापाशी घसरला, कानाच्या पाळीला जरासं लागलं. रक्ताचा एक थेंब आला. सिग्नलभाऊ म्हणाले, "काही नाही, काही नाही. छान झाली दाढी." आणि अर्धी दाढी तशीच साबणात ठेवून, नीट पैसे देऊन, हसत घरी गेले.

कान कापला गिऱ्हाइकाचा आणि कानाला खडा लावला उस्तादांनी. त्या दिवसापासून दुकान मुलीच्या हातात गेलं. मुलगी कामाला बापापेक्षा कणभरही कमी नव्हती, फक्त तिला गप्पा मारता येत नसत. गिऱ्हाइकं केस कापून वेळेत घरी पोचू लागली आणि त्यामुळे दुःखी राहू लागली.

"बाबा, कधी येताय?" मुलगी रोज जेवताना विचारायची. "माणसं हवापाण्याचं बोलायला लागली की मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. काल एकजण म्हणाला, उकडतंय. मी म्हटलं, हो. पुढे काय म्हणायचं असतं?"

"म्हणायचं, आमच्या लहानपणी असं नव्हतं."

"मी एकवीस वर्षांची आहे, बाबा."

"मग म्हणायचं, बाबांच्या लहानपणी असं नव्हतं. तेवढ्यावर अर्धा तास जातो."

"ते तुम्हीच येऊन घालवा ना."

एकदा या प्रश्नाला कंटाळून उस्तादांनी घास हातातच थांबवला आणि बाल्कनीकडे मान वळवली. "त्या वेलाला एक दुधी लागू दे. लागला की त्याच दिवशी वस्तरा हातात घेतो. शब्द."

खिडकीबाईला तर सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. दुधीच्या वेलाला दुधी लागणार नाही तर काय, किल्ल्यांचा जुडगा लागणार?

बाग डॉक्टरांच्याच सांगण्यावरून सुरू झालेली. बादल्यांमध्ये टोमॅटो, डब्यांमध्ये मिरच्या, पसरट टबात कोथिंबीर, कोपऱ्यात एक लिंबाचं रोप. आणि वेल लावला होता सलूनमधल्या जुन्या केस धुवायच्या बेसिनमध्ये. त्या बेसिनला मान टेकवायला खाच होती. वेल उगवला, वाढला आणि जड झाल्यावर त्याने बरोब्बर त्या खाचेत मान टेकवली. "बघ," उस्ताद म्हणाले, "कोणी सांगायला लागलं नाही. जातिवंत गिऱ्हाईक आहे."

बाग फोफावली तशी उस्तादांची कात्री बाहेर आली. वस्तरा नको म्हणत होते, कात्रीला ना नव्हती. पानाला जरा लागलं तर पान काही हसत हसत पैसे देत नाही. कोथिंबीर मशीन फिरवल्यासारखी एका उंचीत आली. मिरचीच्या झाडाचा मधोमध भांग पडला. लिंबाच्या रोपाला एक दिवस ते मागून आरसा दाखवताना सापडले.

"अहो, काय करताय?"

"मागचं आवडलंय का विचारतोय."

"मग?"

"गप्प आहे. म्हणजे आवडलंय. न आवडणारे बोलतात."

तरी बाग देत होती. भांग पाडलेल्या झाडालाही मिरच्या लागल्या. पहिला टोमॅटो लाल झाला, तेव्हा खिडकीबाईने त्याच्या चार फोडी केल्या आणि चौथी वाटीत घालून खाली सिग्नलभाऊंकडे पाठवली. सिग्नलभाऊंनी ती खाऊन खालूनच दोन्ही हात वर केले. चारही रस्ते बंद, असा त्याचा अर्थ. त्यांच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. आणि हो, त्यांची दाढी आता छातीपर्यंत आली होती. लोक म्हणायचे, निवृत्तीनंतर माणसाचं असंच होतं.

नव्हता लागत तो दुधी. वेल मोठा झाला, दोरीवरून वर चढला. संध्याकाळ झाली की पांढरीशुभ्र फुलं उमलायची, त्यांच्याभोवती पतंग फिरायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. खिडकीबाईने खत घातलं. ताक घातलं. शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचारलं, ती म्हणाली, वेलाशी प्रेमाने बोला. खिडकीबाईने प्रेमाने बोलून पाहिलं: "उपरोक्त विषयी आपण लवकरात लवकर कार्यवाही कराल अशी आशा आहे."

वेलाने कार्यवाही केली नाही.

उस्ताद उसासा टाकायचे. "नाही लागत गं. नशीबच नाही." आणि हे बोलताना त्यांचा चेहरा, खिडकीबाईला उगाचच वाटायचं, सुट्टी वाढलेल्या मुलासारखा दिसायचा.

एका सकाळी उस्ताद आंघोळीला गेले असताना ती छाटलेल्या पाल्याची बादली खतासाठी रिकामी करत होती. वर पानं, खाली पानं, आणि मधे पानांच्या घडीत गुंडाळून ठेवलेलं काहीतरी. तिने घडी उलगडली. आत बोटाच्या पेराएवढे हिरवे दुधी होते. इवलेसे, अंगावर मऊ लव, टोकाला अजून न उमललेल्या फुलाची कळी. पाच-सहा तरी असतील. देठ तिरका कापलेला. एका झटक्यात, स्वच्छ, कानामागचे केस काढताना देतात तसा काप.

जगात असा काप देणारा एकच माणूस तिला माहीत होता आणि तो आत बेसूर गात साबण लावत होता.

ती बादलीजवळच खाली बसली. पहिल्यांदा आला तो राग. 'सदर इसमाने,' ती पुटपुटायला लागली, 'सदर इसमाने हेतुपुरस्सर...' आणि थांबली. खिडकीमागे बसून तिला एक गोष्ट कळली होती. नळाबद्दल सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या माणसाची तक्रार नळाची नसतेच. घरात काहीतरी झालेलं असतं. अशा माणसाला नियम दाखवायचा नसतो. त्याला बसायला खुर्ची द्यायची असते.

तिने ते इवले दुधी पुन्हा घडीत गुंडाळले, त्यातला एक मात्र डबीत घालून ठेवला. मग वेलाचा एक कोवळा शेंडा अलगद उचलला आणि कठड्यावरून खाली सोडला.

औषधांमुळे उस्तादांना खाली वाकलं की चक्कर यायची. कठड्यापलीकडचं जग त्यांच्या कात्रीच्या हद्दीबाहेर होतं.

"भाऊजी," तिने खाली जाऊन सिग्नलभाऊंना सांगितलं, "तुमच्याकडे एक पाहुणा येतोय. त्याला सांभाळायचं आणि वर कोणाला बोलायचं नाही."

"कोण?"

तिने छताकडे बोट दाखवलं. हिरवा शेंडा वरच्या बाल्कनीच्या कडेवरून हळूच खाली डोकावत होता.

सिग्नलभाऊंनी पाठ ताठ केली. त्यांना नोकरीनंतर पहिल्यांदाच वाहतूक मिळाली होती.

तो शेंडा त्यांनी ज्या इमानाने हाताळला, त्या इमानाने त्यांनी कधी मंत्र्यांच्या गाड्याही सोडल्या नसतील. वेल कपड्यांच्या दोरीकडे वळला की ते तळहात दाखवून "थांब!" म्हणायचे. वेल थांबायचा नाही. याचं त्यांना वाईट वाटायचं नाही, गाड्याही थांबत नसत. मग ते सुतळी घेऊन त्याला डावीकडे वळवायचे. संध्याकाळी खालीही पांढरी फुलं उमलू लागली. वरचे पतंग खाली उतरले, त्यांना मजल्यांचं काही नव्हतं. आणि एक दिवस एका फुलामागचा इवला दुधी गळून न पडता तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी जाड झाला.

सिग्नलभाऊंनी त्याला आपल्या गणवेशाचा पांढरा हातमोजा चढवला.

"फळमाशी बसू नये म्हणून," ते खिडकीबाईला म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तो कामावर हजर झाल्यासारखा वाटत होता. हातमोजा पुरेना तेव्हा पायमोजा आला. पायमोजाही उसवला. आता दुधी चांगला हातभर झाला होता, अंगावर मऊ पांढरट लव, आणि सिग्नलभाऊंना इतका आनंद पोटात ठेवता येईना.

एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "उस्ताद! खाली या! तुमचं गिऱ्हाईक थांबलंय!"

"मुलीकडे पाठवा," वरून उत्तर आलं.

"ते चालत येऊ शकत नाही!"

माणूस आजारी असेल असं समजून उस्ताद पायऱ्या उतरून आले. मागोमाग खिडकीबाई आली, पदराखाली डबी घेऊन. मुलगी दुकान उघडायला निघालेली, तीही जिन्यातून त्यांच्यामागे आली.

बाल्कनीत दुधी लटकत होता.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "हा माझा नाही. हा यांच्या बाल्कनीत लागलाय."

"मूळ तुमच्या बेसिनमध्ये आहे," मुलगी म्हणाली.

"फळ ज्याच्या हद्दीत, त्याचं."

"असा नियम कुठे आहे?"

"रहदारीत आहे," सिग्नलभाऊ सवयीने बोलून गेले आणि जीभ चावली.

खिडकीबाईने डबी उघडून कठड्यावर ठेवली. आत तो पेराएवढा दुधी होता. आता पार सुकलेला, पण काप तसाच, तिरका, स्वच्छ.

"सदर काप कोणाचा आहे?" तिने विचारलं.

मुलीने वाकून पाहिलं. तिला तो काप याच माणसाने शिकवला होता. ती सरळ झाली आणि बापाकडे बघायचं टाळून दुधीकडे बघत राहिली.

उस्ताद तिथल्या खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर थरथरत होता, त्याच्यावर त्यांनी डावा हात ठेवला, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"माझाच," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी कळी शोधायचो. दुधी लागला असता तर जावं लागलं असतं ना." मग सिग्नलभाऊंकडे न बघता म्हणाले, "कान कापला तेव्हा तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यात, मी माफी मागितली असती, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलो असतो. तुम्ही हसलात. पैसेसुद्धा पूर्ण दिलेत. अर्ध्या दाढीचे पूर्ण पैसे! माणूस असं कोणाशी वागतो? ज्याचं सगळं संपलंय त्याच्याशी."

सिग्नलभाऊंचे दोन्ही हात हवेत अर्ध्यावर थांबले. कुठल्या रस्त्याला सोडावं ते त्यांना कळेना.

"म्हणजे मी ओरडायला हवं होतं?"

"हो."

"मग आत्ता ओरडलो तर चालेल?"

"आता काय उपयोग?"

पण सिग्नलभाऊंनी कान घट्ट धरला होता, छाती भरून घेतली होती, आणि ते ओरडले. "आई गं! मेलो! अहो, डोळे फुटले का तुमचे? कान आहे तो, कोथिंबीर नाही!" समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. एक कुत्रा भुंकायला लागला. "चाळीस वर्षं चौकात उभा राहिलो, ट्रकने काही केलं नाही, आणि तुम्ही! सलून आहे की खाटीकखाना? पैसे परत द्या माझे! अर्धे!"

ते धापा टाकत थांबले. "बरं झालं का?"

उस्तादांचे खांदे हलत होते. खिडकीबाईला आधी वाटलं ते रडतायत. मग आवाज आला, आणि ते हसतच होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चुकलं," ते म्हणाले, "चुकलं हो. माफ करा."

"केलं," सिग्नलभाऊ म्हणाले. "आता या दाढीचं बघा. खाली घास गेला की आणखी काय गेलं, कळत नाही."

मुलगी म्हणाली, "काका, मी किती वेळा म्हटलं होतं, मी करून देते. तुम्ही नको म्हणालात."

"तुझ्या हाताला नावं ठेवत नाही गं, पोरी. पण माझी अर्धी दाढी यांच्याकडे बाकी होती ना."

मग सगळ्यांना दाढीचा अर्थ कळला. माणूस म्हातारपणी बेफिकीर झाला म्हणून वाढवत नव्हता. रांगेत उभा होता.

मुलीने पिशवीतून वस्तरा, ब्रश आणि साबणाची वाटी काढली आणि बापापुढे धरली. उस्तादांनी वस्तऱ्याकडे पाहिलं. सिग्नलभाऊंच्या कानाकडे पाहिलं. मग दुधीकडे वळले.

"आधी याची," ते म्हणाले. "हा आधी आलाय."

आणि त्यांनी दुधीला साबण लावला. नीट, गोल गोल, फेस चढेपर्यंत. मानेशी पंचा लावला. वस्तरा उघडला तेव्हा हात हवेत पानासारखा थरथरत होता. खिडकीबाईने कठडा घट्ट धरला. तिला वाटलं, डोळे मिटावेत, पण मिटले नाहीत. पातं हवेतून पुढे गेलं, थरथरत, थरथरत, आणि दुधीच्या गालाला टेकलं.

टेकल्याबरोबर हात शांत झाला.

वरून खाली एक पट्टा निघाला. फेसाबरोबर मऊ लव उतरली आणि खाली ओला, हिरवा, तुकतुकीत दुधी चमकला. दुसरा पट्टा. तिसरा. उस्ताद गुणगुणायला लागले. "काय उकडतंय," ते दुधीला म्हणाले, "आमच्या लहानपणी असं नव्हतं." मुलीने हे पाठ करून घेतल्यासारखं ओठांतल्या ओठांत म्हटलं.

देठापाशी एकदाच जरासं लागलं. पाण्यासारखा स्वच्छ थेंब वर आला. उस्ताद थबकले. सगळे थबकले.

"ओरडू का?" सिग्नलभाऊंनी हळूच विचारलं. "त्याच्या वतीनं?"

"नको," उस्ताद म्हणाले, आणि दुधीला तुरटी लावली.

नंतर सिग्नलभाऊ खुर्चीत बसले. तिथे काय झालं ते पहिल्याच ओळीत येऊन गेलंय. ती ओळ विसरायला सांगितलं होतं, पण आता हरकत नाही.

दुधीची भाजी काही झाली नाही. इतक्या गुळगुळीत माणसाला चिरायचं कोणाच्याच जिवावर येईना. तो तसाच वेलावर राहिला, जून होत, कडक होत, पुढच्या वर्षीचं बी पोटात धरून. त्याच्यानंतर मात्र वर आणि खाली दोन्हीकडे इतके दुधी लागले की गल्लीतले लोक खिडकीबाईला बघून रस्ता बदलू लागले. ती हाताला लागेल त्याला दुधी द्यायची. डॉक्टरांना दोन दिले, औषधवाल्याला एक. दवाखान्यातल्या पंख्याला देता येईना, म्हणून पंखा पुसणाऱ्या बाईला दिला.

आणि अशाच एका संध्याकाळी ती झाडांना पाणी घालायला बाल्कनीत आली. बेसिनच्या खाचेत वेलाने मान टेकवली होती, फुलं उमलायला लागली होती. रस्त्यापलीकडे सलूनच्या काचेतून उस्ताद दिसत होते. समोर कोणीतरी मान मागे टाकून बसलेलं. उस्तादांचा हात हवेत थरथरला, पुढे गेला, त्या माणसाच्या गालाला टेकला आणि थांबला. बाजूला उभी राहून मुलगी हवापाण्यावर काहीतरी बोलत होती आणि गिऱ्हाईक हसत होतं.

खिडकीबाईला गहिवरून आलं. जन्मभर ती खिडकीच्या आत बसली होती. बाहेर, अर्जदाराच्या बाजूला, पहिल्यांदाच उभी होती. या खिडकीमागे कोण बसलंय ते दिसत नव्हतं. तिने झारी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि समोरच्या रिकाम्या हवेला म्हणाली:

"महोदय, विषय, मुदतवाढ मिळण्याबाबत. उपरोक्त विषयी विनंती की, सदर इसम त्यांच्या उजव्या हातासह, थरथरीसह, जसे आहेत तसे, अर्जदाराच्या ताब्यात आणखी चाळीस वर्षं राहू द्यावेत. हीच मुदतवाढ दुकानातली मुलगी, खालच्या मजल्यावरचे भाऊजी आणि वेलावरचा दुधी यांनाही लागू करावी. आजवर जे मिळालं ते सुस्थितीत मिळालं, त्याबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. सबब, मंजुरी आजच, दिवेलागणीच्या आत मिळावी, ही नम्र विनंती."